महिन्याचे खडे आणि नावांचा घोळ

वाचकांचे प्रश्न

जन्ममहिन्याच्या रत्नांविषयी आलेल्या पत्रांत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न म्हणजे ‘आमचा खडा खरा आहे का?’ कोणत्या अर्थानं खरा, हे ठरल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. म्हणून सुरुवात नावांपासून. काहींनी फोटो पाठवले आहेत. फोटोवरून खडा ओळखता येत नाही, कुणी ओळखून दाखवत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

माझ्या मुलाचा जन्म नोव्हेंबरचा. मराठी यादीत नोव्हेंबरचं रत्न ‘पुष्कराज’ दिलं आहे. एका दुकानात पुष्कराजाचा भाव ऐकून परत आलो, तर दुसऱ्या दुकानात तसाच दिसणारा पिवळा खडा अगदी किरकोळ किमतीत मिळत होता. दोघंही ‘पुष्कराजच’ म्हणतात. खरं कोण बोलतंय? – एक वाचक, सांगली

घोळ भाषांतराचा आहे. नोव्हेंबरचं रत्न म्हणून मूळ इंग्रजी यादीत आहे टोपाझ. शब्दकोशांनी टोपाझला ‘पुष्कराज’ हा प्रतिशब्द दिला आणि याद्यांनी तो तसाच उचलला. पण सराफ बाजारात पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम. नीलम आणि माणिक ज्या खनिजाचे असतात त्याच कुरुंदाचा हा पिवळा भाऊ. टोपाझ हे पूर्णपणे वेगळं खनिज. त्यात तिसरा भिडू म्हणजे सिट्रिन, बाजारात त्याला सुनेला किंवा सुनहला म्हणतात. ही पिवळी गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ. १९५२पासून तीही नोव्हेंबरच्या यादीत आहे. बाजारातलं बहुतेक सिट्रिन हे भट्टीत तापवून पिवळं केलेलं ॲमेथिस्ट, म्हणजे जांभळी गारगोटी असतं. ‘गोल्डन टोपाझ’ नावाखाली विकला जाणारा स्वस्त खडा सहसा हाच. ‘स्मोकी टोपाझ’ हीसुद्धा धुरकट गारगोटीच.

तुमच्या दोन दुकानांपैकी पहिल्यानं बहुधा पिवळा नीलम दाखवला आणि दुसऱ्यानं सुनेला. महिन्याचा खडा म्हणूनच घ्यायचा असेल तर यादीप्रमाणे टोपाझ किंवा सिट्रिन घ्या; नीलमाचे पैसे मोजायची गरज नाही. गुरूचं रत्न म्हणून घ्यायचा असेल तर परंपरेनं पिवळा नीलम. काय घेतोय ते बिलावर खनिजाच्या नावानं लिहून घ्या. नुसतं ‘पुष्कराज’ लिहिलेल्या बिलाला अर्थ नाही.

सुटा खडा घरी असेल तर हे तिन्ही पाण्यातल्या वजनावरून वेगळे करता येतात. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागेल. आधी कोरडा खडा तोला. समजा १.२० ग्रॅम भरला, म्हणजे ६ कॅरट. मग प्लास्टिकच्या छोट्या वाटीत पाणी घेऊन ती काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. खडा बारीक नायलॉनच्या धाग्यात बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा हातानं धरा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काटा जे दाखवतो ते खड्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला या आकड्यानं भागा. ०.३० आला तर भागाकार ४.०, म्हणजे नीलम. ०.३४ आला तर साधारण ३.५, म्हणजे टोपाझ. ०.४५ आला तर २.६५च्या आसपास, म्हणजे सुनेला.

चुकतं ते बहुतेक वेळा बुडबुड्यांमुळे. खड्याला चिकटलेला हवेचा एक बुडबुडा पुरेसा असतो. पाणी जास्त सारलं गेल्यासारखं दिसतं आणि भागाकार कमी येतो. म्हणून पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि बुडवल्यावर खडा हलकेच झटका. दोन कॅरटपेक्षा लहान खड्याला ही रीत लावू नका, काट्याची चूकच खड्याखड्यांतल्या फरकाएवढी होते. ओपल, पिरोजा, मोती पाण्यात बुडवू नका.

एक मर्यादा लक्षात ठेवा. प्रयोगशाळेत बनवलेला पिवळा नीलमही ४.०च भरतो, कारण तो रासायनिकदृष्ट्या नीलमच आहे. शिवाय काचेचं वजन तिच्या मिश्रणाप्रमाणे कुठेही पडू शकतं. चाचणीनं ‘हा नीलम नाही’ हे नक्की कळतं. ‘हा खाणीतला नीलम आहे’ हे कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच.

जानेवारीचा गार्नेट म्हणजेच गोमेद का? – एक वाचक, अमरावती

सगळे गोमेद गार्नेट असतात, सगळे गार्नेट गोमेद नसतात. गोमेद म्हणजे हेसोनाइट, मधाच्या किंवा गोमूत्राच्या रंगाचा गार्नेट; भिंगातून पाहिलं तर आत पाक ढवळल्यासारख्या लहरी दिसतात. जानेवारीच्या यादीत अभिप्रेत असतो तो लाल गार्नेट, ज्याला जुने जवाहिरे तामडा म्हणतात. गोमेद दिला तरी यादी मोडत नाही.

माझी मुलगी जुलैची, म्हणून आम्ही माणिक घ्यायचं ठरवलं. पण तिची रास वृषभ निघाली आणि नातेवाईक म्हणतात की माणिक ‘चालणार नाही’. शिवाय ऑगस्टला कुठे पेरिडॉट, कुठे स्पिनेल, कुठे सार्डोनिक्स लिहिलेलं दिसतं. मूळ यादी कोणती? – एक वाचक, बडोदा

तुमच्या घरात दोन वेगवेगळ्या पद्धती एकमेकींवर आदळल्या आहेत. महिन्याची यादी पाश्चात्त्य आहे. बायबलमध्ये मुख्य पुरोहित अहरोनाच्या छातीवरच्या ऊरपटावर बारा रत्नं सांगितली आहेत, तिथून बारा महिन्यांशी नातं जोडलं गेलं. पण आज दुकानात लावलेली यादी अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं १९१२ साली कॅन्सस सिटीत ठरवली. उद्देश सरळ व्यापारी होता: देशभर एकच यादी असावी म्हणजे माल भरायला सोपं.

तेव्हापासून ती बदलत आली आहे. १९५२ साली जूनला अलेक्झांड्राइट, नोव्हेंबरला सिट्रिन आणि ऑक्टोबरला गुलाबी तुरमाली जोडली, डिसेंबरच्या लाजवर्दाच्या जागी झिरकॉन आणला, मार्चमध्ये ब्लडस्टोनला मागे सारून ॲक्वामरीनला पुढे केलं. २००२ साली डिसेंबरला टांझानाइट आला. हे रत्न टांझानियात किलिमांजारोजवळच्या मेरेलानीत १९६७ साली सापडलेलं, म्हणजे यादीत कुठलंही ‘प्राचीन’ नातं सांगून ते बसवता येणार नाही. २०१६ साली ऑगस्टला स्पिनेल जोडला. सार्डोनिक्स जुना, पेरिडॉट मधला, स्पिनेल नवा, तिन्ही बरोबर. आपल्याकडे स्पिनेलला लाल किंवा लालडी म्हणत आणि मुघल खजिन्यात त्याला माणकापेक्षा कमी मान नव्हता. ब्रिटिश राजमुकुटातलं प्रसिद्ध ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ तपासाअंती स्पिनेलच निघालं.

आपली नवरत्नं ग्रहांची आहेत, महिन्यांची नाहीत: सूर्याचं माणिक, चंद्राचा मोती, मंगळाचं पोवळं, बुधाचा पाचू, गुरूचा पुष्कराज, शुक्राचा हिरा, शनीचा नीलम, राहूचा गोमेद, केतूचा लसण्या. रास चंद्रावरून धरतात, आणि चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो. म्हणजे एकाच जुलै महिन्यात बाराही राशींची मुलं जन्मतात. महिन्याचा खडा आणि राशीचा खडा जुळला तर तो योगायोग. पंचांग मानत असाल तर तुमच्या ज्योतिषांना विचारा. हौस म्हणून घेत असाल तर माणिक घ्या. दोन्ही याद्यांची सांगड घालायचा प्रयत्न मात्र सोडा, ती बसत नाही.

मुलाच्या अंगठीतलं माणिक दोन वर्षं छान होतं. अंगठीचं माप वाढवायला दिली. परत आली तेव्हा खड्यावर पांढऱ्या रेघा आणि खळगे. सोनार म्हणतो खडाच खराब होता. – एक वाचक, कोल्हापूर

सोनाराचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. हे माणिक शिसेयुक्त काच भरलेलं असणार. अत्यंत तडकलेला, जवळपास अपारदर्शक कुरुंद घेऊन त्याच्या भेगांत वितळलेली काच मुरवतात. भेगा दिसेनाशा होतात आणि खडा एकदम पाणीदार वाटतो. वजनात काचेचा वाटा बराच असू शकतो. गेल्या वीसेक वर्षांत मोठं, स्वच्छ आणि तरीही स्वस्त माणिक म्हणून जे विकलं जातं त्यात याचाच भरणा आहे.

माप वाढवताना अंगठी कापून मध्ये सोन्याचा तुकडा घालतात आणि डाख देतात. ज्योतीच्या उष्णतेनं भेगांतली काच मऊ होऊन बाहेर येते. डाख चांगला बसावा म्हणून लावलेला टाकणखार काच खातो. नंतर दागिना उजळायला आम्लात टाकतात, ते उरलेली काच पृष्ठभागावरून खरवडून काढतं. असा खडा लिंबाच्या रसातही खराब होतो. खडा उतरवून मगच डाख द्यायला हवा होता, आणि आधी भिंगातून पाहायला हवं होतं. ही सोनाराची चूक. आता खडा पूर्वीसारखा होणार नाही.

पुढच्या खरेदीआधी १० पट भिंगातून खडा तिरका करत पाहा. भेगेच्या सपाटीवर निळसर झलक चमकून जात असेल किंवा भेगेत चपटे गोल बुडबुडे दिसत असतील तर काच भरली आहे. नुसतं तापवलेलं माणिक ही वेगळी गोष्ट. तो प्रकार बाजारात सर्वमान्य आहे, टिकाऊ आहे, आणि त्याला रोजच्या वापरात भीती नाही. फक्त बिलावर तसं लिहिलेलं असावं.

डिसेंबरच्या यादीत ‘झिरकॉन’ आहे. दुकानदारानं ‘झरकन’ म्हणून अगदी चकचकीत पांढरा खडा दिला. हेच का ते? – एक वाचक, नागपूर

नाही. बाजारात झरकन किंवा अमेरिकन डायमंड म्हणतात ते क्यूबिक झिर्कोनिया, कारखान्यात तयार होणारं झिर्कोनियमचं ऑक्साइड. झिरकॉन हे झिर्कोनियमचं सिलिकेट आणि निसर्गात सापडणारं खनिज. पृथ्वीवरच घडलेला, आजवर सापडलेला सगळ्यात जुना खनिजकण, ऑस्ट्रेलियातला, झिरकॉनचाच आहे. डिसेंबरसाठी सहसा निळा झिरकॉन घेतात. त्याचा निळा रंग तपकिरी खडा तापवून आणलेला असतो, कंबोडियाचा माल प्रसिद्ध.

ओळखायला भिंग पुरे. खड्याच्या वरच्या सपाट पैलूतून आत बघा आणि तळाकडच्या पैलूंच्या कडांवर नजर ठेवा. झिरकॉनमध्ये प्रत्येक कड दुहेरी दिसते, कारण तो प्रकाशाची किरणं दोन वाटांनी पाठवतो. एका विशिष्ट दिशेनं पाहिलं तर ती दुहेरी दिसत नाही, म्हणून खडा फिरवून तीन-चार बाजूंनी पाहा. झिर्कोनिया आणि काच यांत कुठूनही कड एकेरीच. वजनातही फरक आहे: झिर्कोनिया झिरकॉनपेक्षाही जड, आणि त्याच आकाराच्या हिऱ्याच्या दीडपटीहून जास्त.

झिरकॉनची एक खोड सांगायला हवी. तो कठीण असला तरी ठिसूळ आहे. कागदाच्या पुडीत चार खडे एकत्र ठेवले तरी एकमेकांवर घासून कडा बोथट होतात. अंगठीपेक्षा कानातल्यात बरा.

ऑक्टोबरची म्हणून आमच्या सूनबाईंना ओपलची अंगठी दिली. भांडी घासताना ओपलमधले रंग गेले आणि खडा काचेसारखा पारदर्शक झाला. फसलो का? – एक वाचक, ठाणे

उलट, हा खडा नैसर्गिक असण्याकडेच तुमचं वर्णन बोट दाखवतं. इथिओपियाचा, वेलो भागातला ओपल बहुतेक असाच असतो: सच्छिद्र, पाणी शोषून घेणारा. पाणी आत शिरलं की रंगांचा खेळ मावळतो, सुकलं की परत येतो. अंगठी सावलीत, साध्या हवेत ठेवून द्या. काही दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांत खडा पूर्ववत होईल. घाई म्हणून उन्हात, गॅसजवळ किंवा केस वाळवायच्या यंत्रासमोर धरलात तर वरचा थर आतल्यापेक्षा आधी आक्रसतो आणि खडा तडकतो.

खरी भीती पाण्याची नाही, पाण्यासोबत जाणाऱ्या गोष्टींची आहे. हळद, तेल, साबण आत गेला तर डाग कायमचा. स्वयंपाकघरात ही अंगठी नकोच. पिरोजाचंही तसंच आहे. तेल आणि क्रीम पिऊन तो हिरवट पडतो.

अमेरिकेत आजीला नातवंडांच्या महिन्याचे खडे एका पेंडंटमध्ये बसवून देण्याची पद्धत आहे. सुट्टीत पुण्याला येऊन आईसाठी तसं करून घ्यायचं आहे. नातवंडं एप्रिल, मे, जून आणि सप्टेंबरची. सोनाराला काय काय सांगू? – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

हिरा, पाचू, मोती, नीलम. एका दागिन्यात बसवायला याहून अवघड चौकडी क्वचितच मिळेल. हिऱ्याची कठीणता १०, नीलमाची ९, पाचूची साडेसात ते आठ, मोत्याची जेमतेम अडीच-तीन. आणि आकडा सगळं सांगत नाही: पाचूत जन्मजात भेगा असतात आणि त्या लपवायला तेल मुरवलेलं असतं, त्यामुळे कठीण असूनही तो धक्क्यानं आणि उष्णतेनं हिऱ्याच्या कितीतरी आधी दगावतो. अंगठीऐवजी पेंडंट निवडलंत हे चांगलं झालं, ते ओट्यावर आपटत नाही.

मापं कॅरटमध्ये सांगू नका, मिलिमीटरमध्ये सांगा. प्रत्येक रत्नाची घनता वेगळी. ४ मिलिमीटरचा गोल हिरा पाव कॅरटच्या आसपास भरतो. त्याच मापाचा नीलम त्याहून थोडा जड, पाचू हलका. ‘चारही पाव कॅरट’ असं सांगितलंत तर चारही वेगळ्या आकाराचे येतील. मोती ५ मिलिमीटरचा घ्या, कारण तो वाटीत बसवल्यावर लहान दिसतो.

सोनं १८ कॅरटचं घ्या. २२ कॅरट सोन्याच्या नख्या मऊ असतात, ओढणीत अडकून वाकतात आणि खडा कधी निसटला ते कळतही नाही. हिरा आणि नीलम नख्यांत चालतील. पाचूला बंद कोंदण करायला सांगा, म्हणजे कडा सगळीकडून झाकलेल्या राहतात. चौकोनी पाचू असेल तर कोपरे आधी जातात. मोत्याला अर्धवट भोक पाडून तो सोन्याच्या खिळीवर चिकटवतात.

कामाचा क्रम कागदावर लिहून द्या, कारण बिघाड इथेच होतो. आधी सगळे डाख, साखळीची कडी आणि पॉलिश. मग हिरा आणि नीलम बसवून दागिना धुवून घ्यायचा. मग पाचू. मोती अगदी शेवटी, त्यानंतर ज्योत नाही, आम्ल नाही आणि कंपनाचं यंत्रही नाही. सोनार दागिना धुवायला हे अल्ट्रासॉनिक यंत्र सर्रास वापरतात. पाचूमधलं तेल त्यात निघून जातं आणि भेगा पांढऱ्या पडतात. पुढे कधी साखळीची कडी तुटली तर अमेरिकेतल्या दुकानातही हीच सूचना द्या, किंवा लेझरनं जोडायला सांगा. त्यात उष्णता एका बिंदूपुरतीच राहते.

आईंना घरी धुवायचं तर ओल्या मऊ सुती कापडानं पुसणं, बस. टूथपेस्ट अजिबात नको; तिच्यातली खरखरीत पूड मोत्याची झळाळी घासून काढते. डब्यात हा दागिना एकटा ठेवावा, कारण शेजारच्या पाटलीचा हिरा याच्या मोत्यावर ओरखडे काढेल.

मोत्याची भीती वाटत असेल तर जूनला पर्याय आहेत. चंद्रकांत मणी सहाच्या आसपास कठीण असला तरी सहज चिरतो. अलेक्झांड्राइट या कामाला उत्तम, दिवसा हिरवट आणि दिव्याखाली लालसर. नैसर्गिक फार महाग पडतो, प्रयोगशाळेतला घेतलात तर तसं बिलावर असू द्या. स्वस्तात मिळणारा ‘अलेक्झांड्राइट’ बहुतेक वेळा रंग बदलणारा कृत्रिम नीलम असतो, आणि तो जांभळ्या-निळसर रंगात बदलतो, हिरव्यात नाही.

‘सव्वापाच रत्ती’ सांगितलं तर एका दुकानात ३.२ कॅरटचा खडा दाखवला, दुसऱ्यात ४.८ कॅरटचा. रत्ती म्हणजे नक्की किती? – एक वाचक, इंदूर

दोघांची रत्ती वेगळी आहे. जुन्या मापात ९६ गुंजांचा एक तोळा, आणि तोळा ११.६६४ ग्रॅम, म्हणजे गुंज किंवा रत्ती १२१.५ मिलिग्रॅम. या हिशेबानं सव्वापाच रत्ती ३.१९ कॅरट. रत्नबाजारात चालणारी ‘पक्की’ रत्ती मात्र सुमारे ०.९१ कॅरट, म्हणजे १८२ मिलिग्रॅम, तिनं ४.७८ कॅरट होतात. भाव रत्तीनं सांगितला असेल तर हा फरक थेट खिशातून जातो. कॅरटवर या: ५ कॅरट म्हणजे १ ग्रॅम, जगभर एकच. हिऱ्याच्या दुकानातला ‘पॉइंट’ म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग.

सोन्याचा कॅरट शुद्धतेचा, खड्याचा कॅरट वजनाचा. बिलावर एकूण वजन, खड्याचं वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन असे तीन आकडे वेगळे हवेत. नाहीतर खडा सोन्याच्या भावानं विकला जातो. हॉलमार्क सोन्यापुरताच असतो. खड्याबद्दल तो काहीही सांगत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

आजीच्या नथीतले मोती ‘बसऱ्याचे’ आहेत असं घरात सगळे सांगतात. दातावर घासल्यावर खरखरीत लागतात. म्हणजे खरेच ना? – एक वाचक, रत्नागिरी

दाताच्या चाचणीनं काच आणि प्लास्टिक बाद होतं, एवढंच. संवर्धित (कल्चर्ड) मोतीही तितकेच खरखरीत लागतात, कारण वरचा थर शिंपल्यानंच चढवलेला असतो. बसरा हे व्यापाराचं नाव, मोती इराणच्या आखातातले. संवर्धित मोती बाजारात मोठ्या प्रमाणावर आले ते १९२०च्या दशकात. नथ त्याआधीची असेल तर मोती नैसर्गिक असण्याला आधार मिळतो. पण नथ मधल्या काळात गाठवून घेतली असेल तर एखाददुसरा मोती बदललेला असू शकतो. म्हणून प्रत्येक मोती वेगळा तपासा.

भोकात उजेड टाकून भिंगातून पाहा. आत थोड्या अंतरावर एक स्पष्ट रेघ आणि तिच्यापलीकडे वेगळ्या पोताचा मणी दिसला तर तो संवर्धित. रेघ दिसली नाही तरी निकाल पक्का नाही. गोड्या पाण्यातल्या संवर्धित मोत्यात बहुतेकदा मणी नसतोच. पक्कं उत्तर फक्त क्ष-किरणांनी मिळतं. मुंबईत अशा तपासणीची सोय आहे.

विकायचा विचार असेल तर एवढं माहीत असू द्या: नैसर्गिक मोत्याचा भाव ‘चव’ या मापानं काढतात आणि चव वजनाच्या वर्गावर चालते. दुप्पट वजनाच्या मोत्याला दुप्पट नाही, चौपट चव पडते. एकूण वजन धरून भाव सांगणाऱ्याला नथ देऊ नका.

आणि उजळायच्या नादात चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्यात घालू नका. मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, आम्लात विरघळतो. हळद-कुंकू बसलं असेल तर मऊ कुंचला किंचित ओला करून तारेच्या खाचांतून फिरवा आणि लगेच कोरडं करा. अत्तर लावून झाल्यावरच नथ घालावी आणि घरी आल्यावर आधी ती उतरवावी.

फेब्रुवारीचा ॲमेथिस्ट खिडकीतल्या देव्हाऱ्यात ठेवला होता, फिकट झाला. – एक वाचक, फोंडा, गोवा

उन्हानं. त्याचा जांभळा रंग लोहाच्या कणांमुळे असतो आणि सततच्या प्रखर उजेडात तो उतरतो. घरी परत आणता येत नाही.

विहीर खणताना काळ्या कातळात पोकळी लागली, आत फिकट हिरवे, चकचकीत स्फटिक आहेत. एक जण म्हणाला हे ॲक्वामरीन, मार्चचं रत्न. पैलू पाडून घेऊ का? – एक वाचक, राहुरी

ॲक्वामरीन नाही. ते ग्रॅनाइटशी नातं असलेल्या खडकांत तयार होतं. तुमच्याकडचा कातळ बेसाल्ट, लाव्हा थिजून झालेला. त्याच्या पोकळ्यांत नंतर पाण्यातून वाढतात ते झिओलाइट, ॲपोफिलाइट, कॅल्साइट आणि गारगोटी. हिरवा आणि चकचकीत म्हणता, तर बहुधा ॲपोफिलाइट. तुमच्या जवळच्या मोमीन आखाड्याचा हिरवा ॲपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे. खात्रीसाठी सुटलेल्या एका कणानं काचेच्या तुकड्यावर रेघ ओढून पाहा. गारगोटी काचेवर सहज ओरखडा काढते, ॲपोफिलाइट घसरतो.

पैलू पाडू नका. तो एका दिशेनं थरासारखा सुटतो आणि दागिन्यात टिकत नाही. त्याची किंमत आहे ती खडकावर जसाच्या तसा उभा असलेल्या गुच्छाची. एकेक स्फटिक तोडून वेगळा काढला की ती गेली. असे नमुने कसे दिसतात ते पाहायचं असेल तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय फार लांब नाही. चिखल साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं काढा, आम्ल किंवा संडास साफ करायचं लिक्विड लावू नका. सुकल्यावर टोकांना आधी मऊ टिश्यू, त्यावर वर्तमानपत्र, आणि खोक्यात खडक खाली, स्फटिक वर.